काकांची सुट्या भागांची बॅग

काकांच्या विमानाला गिऱ्हाईक मिळालं, त्याच आठवड्यात त्यातली वीज जायला लागली. मला ते पहिल्या दिवसापासून खटकलं होतं, पण बोलून दाखवण्यासारखं हातात काहीच नव्हतं.

काका माझे नात्यातले नव्हेत. गिरगावातल्या एका जुन्या वकिली घराण्यातले ते शेवटचे वकील. मुलं परदेशी, प्रॅक्टिस बंद केलेली. चार सीटांचं, एका इंजिनाचं, माझ्याहून वयाने मोठं असलेलं एक विमान त्यांनी ऐन उमेदीत हौसेने घेतलं होतं आणि जुहूच्या हँगरमध्ये ठेवलं होतं. मी आधी त्यांना सर म्हणायचे. सर ऐकून कान किटलेत, काका म्हण, असं त्यांनीच सांगितलं. त्यांच्या हृदयात स्टेंट बसला आणि लायसन्सवर अट आली, की एकट्याने उडायचं नाही, शेजारी पूर्ण परवान्याचा पायलट हवा. तो शेजारचा पायलट मी.

मी करी रोडची. आमची चाळ पाडून टॉवर झाला, त्यात वरच्या मजल्यावर आई आणि मी राहतो. वडील मिलमध्ये वायरमन होते. आमच्या चाळीतली बौद्ध पोरं शिकून बँकेत गेली, कोर्टात गेली, कोणी डॉक्टर झालं. विमानात गेले ती मी एकटीच. त्याचं चाळीला कौतुक होतं, तसा थोडा संशयही होता, की ही खरंच उडवते की नुसती शेजारी बसते. काकांकडे काम धरलं तेव्हा मला त्या प्रश्नाची गंमत वाटायची, कारण आता मी खरोखरच नुसती शेजारी बसत होते.

परळच्या हॉस्पिटलात पडल्या पडल्या काकांनी काकूंना शब्द दिला होता, की विमान विकून टाकतो. मी कामाला लागल्यावर महिनाभराने काकूंनी मला दादरला बोलावून घेतलं. त्यांना मार्केटात काहीतरी घ्यायचं होतं, पण ते निमित्त होतं हे त्यांच्या रिकाम्या पिशवीवरून दिसत होतं. आम्ही एका जुन्या उपाहारगृहात बसलो. त्यांनी पीयूष मागवलं, स्वतःचं प्यायलं नाही.

"हे हो म्हणालेत, पण विकणार नाहीत," त्या म्हणाल्या. "मी इतकी वर्षं ओळखते त्यांना. समोरून नाही म्हणायचे नाहीत, काहीतरी आडून करतील. तू शेजारी असतेस. जरा बघत जा."

मला ते आवडलं नाही. ज्याच्या शेजारी बसून उडायचं त्याच्यावर पाळत ठेवायची, हे या कामात बसत नाही. पण मी नाही असंही म्हटलं नाही. पीयूष संपवून निघाले, आणि त्या दिवसापासून मी बघायला लागले. एकदा कोणी बघायला सांगितलं की न बघणं जमत नाही.

गिऱ्हाईक लवकर मिळालं. दक्षिणेकडे, कोल्हापूरच्याही खाली, एका छोट्या धावपट्टीवर उड्डाणशाळा चालवणारे एक गृहस्थ होते. त्यांनी फोटो पाहिले, माहिती घेतली, आणि म्हणाले की विमान एकदा इकडे घेऊन या, माझा इंजिनिअर बघेल, मी स्वतः चालवून बघीन, मग बोलू. त्यांनी मला वेगळा फोन करून विचारलं की विमानाबरोबर तुम्हीही शिकवायला याल का. मी विचार करते म्हटलं. हे मी काकांना सांगितलं नाही. सांगण्यासारखं ठरलंच नव्हतं काही, असं मला तेव्हा वाटत होतं.

पहिल्यांदा निघालो ती स्वच्छ सकाळ होती. काका डावीकडे, मी उजवीकडे. आजारपणानंतर त्यांची पाठ दुखायची म्हणून काकूंनी त्यांना पाठीमागे ठेवायला एक जाड उशी शिवून दिली होती. उडाल्यावर वरळी कोळीवाड्याच्या होड्या डावीकडे मागे पडल्या, शहर संपलं, अलिबाग गेलं. वर स्थिरावलो, काकांनी पाय आखडून घेतले, जरा ऐसपैस बसले. आणि मुरुडच्या अलीकडे पॅनलवरचा लाल दिवा लागला.

तो दिवा म्हणजे वीज तयार होणं थांबलं याची खूण. गाडीत असतो तसाच विमानात अल्टरनेटर असतो. इंजिनाने तो फिरतो, त्यातून वीज होते, बॅटरी भरत राहते. तो थांबला की सगळं बॅटरीवर, आणि बॅटरी किती पुरेल याचा भरवसा जुन्या विमानात कोणी देत नाही. इंजिन मात्र बंद पडत नाही. त्याला ठिणगी देणारी यंत्रणा निराळी असते, तिला या विजेशी देणंघेणं नसतं. त्यामुळे माणूस पडत नाही, पण मुका आणि बहिरा होतो, कारण रेडिओ जातो. मुंबईच्या आकाशात मोठ्या विमानांच्या गर्दीत मुकं होऊन फिरणं कोणालाच परवडत नाही.

आम्ही नको ती यंत्रं बंद केली आणि परत फिरलो. उतरण्यासाठी काकांनी पाय पुढे पेडलवर घेतले, आणि जुहू दिसायच्या आत दिवा आपोआप विझला. काकांनी सुस्कारा सोडला. तो सुटकेचा होता की निराशेचा, हे मी मनात तपासत राहिले.

हँगरमध्ये आमचा इंजिनिअर होता. तो परळचा, मूळ मालवणकडचा, कमी बोलणारा माणूस. त्याने इंजिन जमिनीवर चालवून पाहिलं, सगळं ठीक. त्याने व्होल्टेज रेग्युलेटर बदलायचा ठरवला. रेग्युलेटर म्हणजे मुठीएवढी डबी, विजेचा दाब ती काबूत ठेवते. काकांनी दोन नवे मागवले, एक बसवायला आणि एक बॅगेत ठेवायला. जुना काढताना इंजिनिअरच्या हातून निसटून फरशीवर पडला आणि त्याचा एक कोपरा दबला. तो त्याने हँगरच्या फळीवर ठेवून दिला.

बॅगेचं सांगायला हवं. छोटं विमान घेऊन बाहेरगावी गेलं की तिथे इंजिनिअर एक वेळ मिळतो, सुटा भाग मिळत नाही. म्हणून काकांनी एक कॅनव्हासची बॅग केली होती. तिच्यात अल्टरनेटरचा पट्टा, फ्यूज, दिवे, कार्बनचे ब्रश, थोडी वायर, टेप, एक हातात धरायचा रेडिओ, आणि आता हा नवा रेग्युलेटर. ती बॅग कायम हँगरमध्ये, मागच्या सीटखाली असायची.

दुसऱ्यांदा निघालो. पुन्हा तसंच झालं, जवळपास त्याच जागी. या वेळी दिवा लागला, गेला, पुन्हा लागला. मी म्हटलं, पुढे जाऊ, बॅगेत रेग्युलेटर आहे, तिकडे त्यांचा इंजिनिअर आहे. काका म्हणाले, नको, ज्या विमानाचा दिवा लागलाय ते विमान मी गिऱ्हाइकापुढे उभं करणार नाही. बोलणं रास्त होतं. पण ते फार पटकन म्हणाले, जणू तोंडात तयार होतं.

मग इंजिनिअरने अल्टरनेटर उतरवून तपासून आणला, पट्टा पाहिला, बॅटरी पाहिली. सगळं चांगलं. त्यानंतर मी स्वतः डावीकडे बसून आणि त्याला उजवीकडे बसवून दोनदा विमान उडवलं, किनाऱ्याने पार मुरुडच्या पुढपर्यंत. दिवा एकदाही लागला नाही. अ‍ॅमीटरचा काटा, जो वीज येतेय की जातेय ते दाखवतो, तो जागचा हलला नाही.

आम्ही उतरलो, विमान हँगरमध्ये ढकललं. मग तो म्हणाला, "मॅडम, बिघाड माणूस बघून येत नाय."

त्याने एवढंच म्हटलं आणि हात पुसायला गेला. मला जे वाटत होतं ते त्यालाही वाटत होतं. या विमानात मुख्य स्विच दोन भागांचा असतो, एक भाग बॅटरीचा आणि एक अल्टरनेटरचा. तो पॅनलच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात असतो, डावीकडे बसलेल्याच्या हाताशी. अल्टरनेटरचा भाग बोटाने हळूच खाली केला की दिवा लागतो. वर केला की विझतो. उजवीकडे बसलेल्याला स्टिअरिंगच्या आडून ते दिसत नाही.

आणखी एक गोष्ट झाली. दुसऱ्या खेपेनंतर काकांनी ती बॅग हँगरमधून उचलली आणि गिरगावला घरी नेली. हँगरमध्ये वस्तू इकडच्या तिकडे होतात, असं ते म्हणाले. हँगरची किल्ली तिघांकडेच होती. त्यांच्याकडे, इंजिनिअरकडे आणि माझ्याकडे.

मला ते लागलं. लहानपणापासून एक अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. शाळेत कोणाची कंपासपेटी हरवली की बाईंची नजर वर्गभर फिरून कुठल्या बाकांवर थांबते, ते आमच्यासारख्यांना न बघता कळतं. काका तसे नव्हते. त्यांच्या घरी मी टेबलावर त्यांच्याबरोबर जेवले होते, काकूंनी आग्रहाने माशांचं भुजणं वाढलं होतं. तरीही बॅग उचलून नेली तेव्हा ती जुनी नजर मला जाणवली, आणि ती खरी होती की माझ्याच मनातली, हे मला ठरवता येईना. इंजिनिअर तर दोन दिवस काकांशी धड बोलला नाही.

घरी आईला मी सगळं सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता ऐकलं. ती म्हणाली, तुला त्याच्यावर भरवसा नाही तर त्याच्या बॅगेवरही ठेवू नकोस. आईला विमानातलं काही कळत नाही, पण नर्स म्हणून तिने आयुष्यभर दुसऱ्याने भरून ठेवलेला ट्रे स्वतः पुन्हा तपासला होता. मी कपाटातून माझा शिकाऊ दिवसांतला हातातला रेडिओ काढला, रात्रभर चार्जिंगला लावला आणि पर्समध्ये टाकला.

तिसऱ्या खेपेला मी मुद्दाम सकाळी गिरगावात गेले. काकांनी बॅग स्वतः खाली आणली, डिकीत ठेवली. काकू गॅलरीत उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि आत गेल्या. कोस्टल रोडने जाताना काका पावसाळ्यानंतरच्या हवेबद्दल बोलत होते, मी हो हो करत होते.

हँगरला पोचल्यावर काका फ्लाइट प्लॅनच्या कामाला ऑफिसात गेले. मी बॅग उघडली. पट्टा होता, फ्यूज होते. रेग्युलेटर नव्या खोक्यात होता. खोकं उघडलं आणि डबी हातात घेतली. तिचा एक कोपरा दबलेला होता.

मी फळीकडे पाहिलं. जुना रेग्युलेटर तिथे नव्हता.

म्हणजे कोणीतरी नवा काढून घेऊन त्याच्या खोक्यात जुना ठेवला होता. बॅग गिरगावला, फळी इथे. दोन्हीकडे पोचणारा माणूस एकच. तरी मनात इंजिनिअरचाही विचार आला, कारण बॅग घरी जायच्या आधीही हा बदल होऊ शकला असता, आणि नवा भाग बाहेर विकला तर घेणारे असतात. तो विचार आल्यावर मला स्वतःचीच चीड आली. पण आला खरा.

त्या दिवशी न उडण्याला कारण होतं, पण उडण्यात धोका असा दिसत नव्हता. विमानात बसवलेला रेग्युलेटर नवा होता, जमिनीवर सगळं ठीक होतं, हवा उत्तम. आणि मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. मी खोकं बंद केलं, बॅग सीटखाली सरकवली आणि काकांना काही सांगितलं नाही. ते ऑफिसातून आले, विमानाभोवती फिरले, पंखावरून नेहमीसारखा हात फिरवला. मी त्यांचा तो हातसुद्धा बघत होते.

उडालो. समुद्रावर ऊन होतं. अलिबागपर्यंत मी बाहेर पाहिलंच नाही. काकांचा डावा हात स्टिअरिंगवर, उजवा थ्रॉटलवर. मी मान वळवून, खिडकीतून काही बघते आहे असं दाखवून, त्यांची बोटं बघत होते. त्यांनी उशी सारखी केली, पेडलवरचे पाय जवळ ओढून घेतले, नीट टेकून बसले. हात कुठेच गेले नाहीत.

आणि दिवा लागला.

मी चक्रावले. इतके दिवस मनात बांधलेलं सगळं एका क्षणात कोसळलं. हात तर माझ्या डोळ्यांसमोर होते. काका म्हणाले, "लागला पुन्हा." आवाज अगदी शांत होता. दिवा विझला. मग पुन्हा लागला. तेव्हा माझी नजर हातांवरून खाली गेली. काका उंच आहेत. उशीमुळे ते बोटभर पुढे बसलेले, पाय आखडल्यामुळे गुडघे वर आलेले. डावा गुडघा पॅनलच्या खालच्या कडेला टेकला होता, बरोबर त्या स्विचच्या खाली, जिथे मागच्या बाजूने वायरींचा जुडगा जातो. गुडघा दाबला की दिवा. सैल सोडला की नाही. मी बुटकी आहे. मी तिथे बसले तर माझा गुडघा पॅनलपासून वीतभर लांब राहतो.

"काका," मी म्हटलं, "डावा पाय जरा पुढे घ्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात आश्चर्य नव्हतं. मला जे कळायचं होतं ते तिथेच कळलं. त्यांनी पाय पुढे घेतला. दिवा विझला आणि विझलेलाच राहिला.

मग ते म्हणाले, "परत जाऊ या."

मी म्हटलं, दिवा गेलाय, कारण कळलंय, आता पुढेच जाऊ. पुढे जायचं की मागे, हे आम्ही ठरवायच्या आत मला वास आला. जळक्या रबराचा, आधी अगदी पुसट, मग घशाला लागणारा. पॅनलच्या खालून धुराची एक बारीक रेघ वर आली.

त्यानंतर मी विचार केला नाही. काकांच्या गुडघ्यावरून हात घालून मुख्य स्विचचे दोन्ही भाग बंद केले, विमान हातात घेतलं आणि काकांना खिडकी उघडायला सांगितली. सगळे दिवे गेले, रेडिओ गेला, कानातल्या हेडसेटमधली खरखर थांबली. इंजिन मात्र आपल्या तालात चाललं होतं. धूर आणखी वाढला नाही. वारा आत आला आणि वास कमी झाला. मी विमान वळवलं.

काकांनी मागे हात घालून बॅग ओढली आणि तिच्यातला रेडिओ काढला. तो सुरू होईना. घरी नेल्यापासून तो कोणी चार्ज केलाच नव्हता. ते बटण दाबत राहिले, पुन्हा पुन्हा. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि मला एकाएकी त्यांच्या छातीची काळजी वाटायला लागली. मी एका हाताने पर्स उघडली, माझा रेडिओ काढून त्यांच्या हातात दिला आणि काय बोलायचं ते सांगितलं. त्यांनी वकिलाच्या आवाजात टॉवरला सगळं नीट सांगितलं. आमची वीज गेली आहे, धूर थांबला आहे, हातातल्या रेडिओवरून बोलतो आहोत, सरळ उतरायला जागा द्या. मधूनमधून आवाज तुटत होता, पण काम झालं. आम्हाला जागा मिळाली.

विजेशिवाय या विमानाचे फ्लॅप, पंखांमागच्या वेग आवरणाऱ्या पट्ट्या, खाली येत नाहीत, म्हणजे वेग नेहमीपेक्षा जास्त ठेवून उतरावं लागतं आणि थांबायला पट्टी जास्त लागते. मी उजव्या सीटवरून उतरवलं. चाकं टेकल्यावर काकांनी हात मांडीवर ठेवले ते विमान थांबेपर्यंत उचलले नाहीत.

इंजिनिअर टॉर्च घेऊन पॅनलखाली आडवा झाला. अल्टरनेटरला चालू ठेवणारी वायर स्विचला जोडतात तिथे तिच्या टोकाची कडी तडकलेली होती. दर दाबाला तिचा संपर्क सुटायचा. सतत घासून घासून वरचं रबर गेलं होतं आणि आज ती उघडी वायर धातूला लागली होती. त्याने काळं पडलेलं टोक बाहेर काढून आम्हाला दाखवलं. पॅनलखाली आधी आपणच बघायला हवं होतं, असं तो स्वतःशीच पुटपुटला. मग बॅगेतलं खोकं मी त्याच्यासमोर उघडलं. दबलेला कोपरा बघून त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. काका म्हणाले, "ते माझं काम आहे. याचा काही संबंध नाही." इंजिनिअरने खोकं बंद केलं. हत्यारं गोळा करून दुसऱ्या टोकाला गेला.

गिरगावला घरी आल्यावर काका गॅलरीतल्या खुर्चीत बसले आणि मला समोर बसवलं. मग त्यांनी सांगितलं. पहिल्यांदा दिवा लागला तो खरोखरच लागला, त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांना वाटलं रेग्युलेटर असेल, नवाही तसाच जाईल. नवा भाग बॅगेत असला तर तिकडे पोचून दुरुस्ती होईल आणि विमान जाईल, म्हणून त्यांनी नवा काढून घरी ठेवला आणि खोक्यात जुना भरला. दुसऱ्या खेपेला पाय हलवताना त्यांच्या लक्षात आलं की दिवा गुडघ्याने लागतो. तिसऱ्या खेपेला त्यांनी तो मुद्दाम लावला.

मी विचारलं, विकायचं नव्हतं तर काकूंना तसं सांगायचं.

"हॉस्पिटलात दिलेला शब्द होता," ते म्हणाले. "तिने माझा हात धरला होता तेव्हा. आता नाही कुठल्या तोंडाने म्हणू? विमानच नको म्हणालं, तर बोलणं माझ्यावर येत नव्हतं."

थोड्या वेळाने ते म्हणाले की त्यांनाही माझा संशय होता. त्या गृहस्थांनी त्यांना बोलता बोलता सांगून टाकलं होतं, की मला नोकरी देऊ केली आहे. मी ते लपवलं, म्हणजे माझी त्यांच्याशी आधीच जुळणी झाली आहे, म्हणून मला पुढे जायची एवढी घाई, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. बॅग घरी नेली ती त्यामुळेच. मी ती उघडून बघेन अशी त्यांना भीती होती. चोरीचा विचार त्यांच्या मनात नव्हता, असं ते म्हणाले. मी ते ऐकून घेतलं. विश्वास ठेवला का, तर बराचसा ठेवला.

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पुडीत गुंडाळलेला नवा रेग्युलेटर होता. तो काकांच्या स्वेटरांच्या कप्प्यात मागे ठेवलेला त्यांनी केव्हाच पाहिला होता. काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं, पण लपवलेलं आहे एवढं कळलं होतं. सकाळी गॅलरीत त्या ते बोलायलाच उभ्या होत्या, आणि बोलल्या नाहीत. त्यांनी ती डबी काकांच्या मांडीवर ठेवली.

"धूर झाला म्हणे," त्या म्हणाल्या. इंजिनिअरने त्यांना फोन केला होता.

काकांनी मान हलवली. काकू खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या आणि रडायला लागल्या, आवाज न करता. काकांनी त्यांचा हात धरला नाही, नुसते बघत राहिले. मी उठून आत गेले आणि स्वयंपाकघरात उगीच पाण्याचं भांडं भरत राहिले. मला त्या दोघांचा राग येत होता. एकाने दिवा लावला, एकीने मला पाळतीवर ठेवलं आणि स्वतः सापडलेली गोष्ट गिळून बसली. या दोघांच्या मधल्या न बोललेल्या गोष्टीसाठी मी दोनशे फुटांवर विनाफ्लॅप येत होते, याची त्यांना कल्पना तरी होती का, कोण जाणे.

दोन दिवसांनी काकांनी त्या गृहस्थांना फोन करून विमान पाठवतो असं सांगितलं, वायरचंही सगळं सांगितलं. गुडघ्याचं सांगितलं नाही, ती खाजगी बाब. ते गृहस्थ कचरले नाहीत, उलट म्हणाले की दोष सांगणाऱ्याकडून घेतलेलं बरं. इंजिनिअरने तो सगळा जुडगा काढून नवीन वायरी घातल्या, त्या पॅनलच्या कडेपासून लांब बांधल्या, आणि स्विचही नवा बसवला. काकांनी हँगरमध्ये येऊन त्याची माफी मागितली. तो "असू दे" म्हणाला, पण नंतर कितीतरी दिवस त्याच्या बोलण्यात ते असू दे नव्हतं.

विमान पोचवायला मी आणि तोच गेलो. काका जुहूपर्यंत आले नाहीत. काकू आल्या, आयुष्यात पहिल्यांदा हँगरमध्ये, आणि विमानाला हळदकुंकू लावून गेल्या. वाटेत दिवा लागला नाही, तरी पहिला अर्धा प्रवास माझे डोळे त्याच्यावरच होते.

त्या शाळेचा इंजिनिअर चष्मेवाला, मध्यमवयीन होता. मी त्याला नवी वायर दाखवली, काय झालं होतं ते सांगितलं, आमच्या इंजिनिअरने कसं केलंय ते सांगितलं. त्याने सगळं ऐकलं, आणि मग आपला टॉर्च घेऊन पॅनलखाली घुसला. बराच वेळ बाहेर आला नाही. एक एक जोड ओढून पाहत होता, आमच्यातल्या कोणाच्याही शब्दावर त्याचा काडीचा भरवसा नव्हता. माझ्या शेजारी आमचा इंजिनिअर पहिल्यांदा हसला.

ती नोकरी मी घेतली नाही. आईला सोडून तिकडे राहणं जमण्यासारखं नव्हतं, हे कारण मी सगळ्यांना सांगते. काकांनी ते ऐकलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, खरं कारण हेच का, असं. मी त्यांना तसंच पाहू दिलं. अजूनही महिन्यातून एकदा मी गिरगावात जेवायला जाते. काकू भुजणं करतात. काका पेडर रोडच्या ट्रॅफिकवर बोलतात, निवडणुकांवर बोलतात. वर एखादं छोटं विमान गेलं की तिघंही बोलता बोलता थांबतो, आणि कोणी वर बघतंय का ते आधी एकमेकांकडे बघून घेतो.